दाण्याला काय माहीत तो कुणाच्या पोटात जाणार आहे

काही महिन्यांपूर्वी मला एक फोन आला. मी पशुखाद्याच्या क्वालिटी विभागात काम करते, त्यामुळे असे फोन येतात, कधी पेंडीला वास येतोय, कधी पोत्यात भुकटी जास्त आहे. पण या माणसाने वेगळंच विचारलं. "ताई, तुमच्या पोत्यात जी सोयाची पेंड आहे ती जीएम आहे का हो?" म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेल्या पिकाची. मी म्हटलं, "दादा, थांबा, बघून सांगते." आणि मग तीन दिवस मी बघतच राहिले. पोत्यावर प्रोटीन लिहिलेलं, फॅट, फायबर, ओलावा, वाळू, बॅच नंबर, तारीख, सगळं होतं. आमच्याकडे पेंड ज्या कागदासोबत आली त्याच्यावर फक्त "सोया डीओसी, प्रोटीन ४६ टक्के", डीओसी म्हणजे तेल काढलेली पेंड. ज्याने माल दिला त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, हे कोणीच विचारत नाही." शेवटी त्या दादांना फोन करून सांगावं लागलं की मला सांगता येत नाहीये. ते काही चिडले नाहीत, बरं म्हणाले आणि फोन ठेवला, पण मला ते फार लागलं. स्वतःच्या गाईला आपण काय खाऊ घालतोय एवढंच त्यांना हवं होतं.

तेव्हापासून जीएमच्या सरकारी नियमांबद्दल मी जेवढं वाचत गेले तेवढं एक गोष्ट पक्की होत गेली. लोक जीएम म्हटलं की ताटाबद्दल बोलतात, टोमॅटो, वांगं, भात. पण जगात पिकणाऱ्या जीएम मक्याचा आणि सोयाचा मोठा भाग ताटात सरळ येतच नाही, तो गव्हाणीत जातो आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. अ‍ॅलिसन व्हॅन एनेनाम आणि एमी यंग या दोघी संशोधकांनी २०१४ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध केला होता, त्यात त्यांनी म्हटलंय की जीएम पिकांच्या उत्पन्नापैकी ७० ते ९० टक्के जनावरं खातात. म्हणजे खरा प्रश्न पोत्याचा आहे आणि नेमकं तिथेच सगळ्यांचं लक्ष कमी.

आणि पोत्याकडे दुर्लक्ष केलं की काय होतं हे एकदा जगाने बघितलंय. स्टारलिंक मक्याची गोष्ट.

या मक्यात एका जिवाणूचं जनुक घातलेलं होतं, त्यामुळे झाडात क्राय-९-सी नावाचं प्रोटीन तयार व्हायचं आणि खोडात शिरणारी अळी मरायची. तपासणीत दिसलं की हे प्रोटीन उष्णतेला टिकतं आणि पोटातल्या पाचकरसासारख्या द्रावणात पटकन मोडत नाही. ज्या गोष्टींची माणसाला अ‍ॅलर्जी येते त्यांच्यात हे दोन गुण बऱ्याचदा सापडतात. अ‍ॅलर्जी येतेच असं सिद्ध झालेलं नव्हतं, पण येणार नाही असंही खात्रीने सांगता येत नव्हतं. मग अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, १९९८ साली मधला रस्ता काढला, जनावरांच्या खाद्याला आणि कारखान्यातल्या वापराला परवानगी, माणसाच्या अन्नाला नाही. शेताभोवती ६६० फुटांचा पट्टा ठेवायचा, शेतकऱ्याशी करार करायचा, माल वेगळा ठेवायचा. कागदावर वाचलं तर वाटतं काय चूक आहे यात.

पण धान्य कसं फिरतं ते ज्याने बघितलंय त्याला हे वाचूनच काळजी वाटेल. मक्याचे परागकण वाऱ्यावर जातात. कापणीचं मशीन एका शेतातून दुसऱ्या शेतात जातं तेव्हा त्याच्या पोटात आधीच्या शेतातले दाणे अडकलेले असतात. ट्रक तोच, माल वाहणारा पट्टा तोच, सायलो म्हणजे धान्याची उंच कोठी तीच. सायलोत एकदा शेकडो गाड्यांचा माल पडला की त्यातला कुठला दाणा कोंबडीसाठी आणि कुठला माणसासाठी हे देवालाही सांगता येणार नाही, कारण दाण्याला काय माहीत तो कुणाच्या पोटात जाणार आहे. आणि बऱ्याच शेतकऱ्यांना आणि धान्य घेणाऱ्यांना तर ही अट आहे हेच नीट माहीत नव्हतं.

सप्टेंबर २००० मध्ये काही स्वयंसेवी संघटनांनी दुकानातली टॅको शेल, म्हणजे मक्याच्या कडक पोळ्या, घेऊन लॅबला दिली आणि त्यात स्टारलिंक निघाला. मग धावपळ, ३०० च्या वर प्रॉडक्ट परत मागवले गेले, ऑक्टोबरमध्ये हा मका विकणाऱ्या अ‍ॅव्हेंटिस कंपनीने बियाण्याचं रजिस्ट्रेशनच सोडून दिलं. हा मका अमेरिकेतल्या एकूण मक्याच्या क्षेत्रात अर्धा टक्कासुद्धा नव्हता, तरी जपानपर्यंत सापडला. ज्यांनी त्रास झाल्याची तक्रार केली त्यांच्यापैकी २८ जणांचं रक्त सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, तपासलं आणि २००१ मध्ये सांगितलं की या प्रोटीनमुळे अ‍ॅलर्जी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण स्टारलिंकची गोष्ट लोक भीती घालायला वापरतात आणि माझा तो हेतू नाही. नशिबाने कुणाला काही झाल्याचं दिसलं नाही, पण "जनावराला चालेल, माणसाला नको" ही परवानगी सुरुवातीपासूनच पाळता येण्यासारखी नव्हती. ईपीएने नंतर स्वतःच सांगितलं की अशी अर्धी परवानगी आता देणार नाही.

याच्या आधीचं एक उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात शहाणपण वेळेवर सुचलं. सोयात मेथिओनीन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, कोंबडीच्या खाद्यात ते वरून घालावं लागतं, हे आमच्या धंद्यात कोणालाही विचारा. पायोनियर या बियाण्याच्या कंपनीने विचार केला की मेथिओनीन भरपूर असलेलं ब्राझील नटमधलं प्रोटीनच सोयात आणू. पण ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेले लोक असतात, म्हणून त्यांनी अशा लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांवर ते तपासून घेतलं, आणि निघालं काय, तर जे प्रोटीन आणलं तेच अ‍ॅलर्जी देणारं. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. सोया कोंबड्यांसाठी होता, माणसासाठी नाही, तरी त्यांनी तो बाजारात आणलाच नाही, कारण तो माणसाच्या अन्नात मिसळणार नाही याची हमी देणं शक्य नव्हतं. स्टारलिंकच्या परवानगीच्या आधी हे सगळं झालेलं होतं, म्हणजे धडा समोर होता.

युरोपने तो धडा कायद्यात लिहिला. २००३ चा १८२९ नंबरचा नियम आहे, त्याच्या नावातच अन्न आणि पशुखाद्य दोन्ही एकत्र आहेत. त्यात म्हटलंय की जो माल माणूस आणि जनावर दोघंही खाण्याची शक्यता आहे त्याला परवानगी दोघांसाठी द्यायची, नाहीतर कुणासाठीच नाही. परवानगी दहा वर्षांची, नंतर परत अर्ज. त्याच्या जोडीला १८३० नंबरचा नियम, तो माल कुठून कुठे गेला याच्या नोंदीचा. प्रत्येक जीएम वाणाला एक कोड असतो, पहिल्या राउंडअप रेडी, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या, सोयाचा मॉन-०४०३२-६, आणि धान्य हातोहात जातं तसा तो कोडसुद्धा कागदावर पुढे जायला हवा, पेंड झाल्यावर निदान "जीएम पिकापासून बनवलेलं" एवढं तरी लिहून द्यावंच लागतं. नोंदी पाच वर्षं ठेवायच्या. एप्रिल २००४ पासून हे लागू झालं आणि तेव्हापासून तिकडे पेंडीच्या पोत्यावर जीएम असेल तर लिहावंच लागतं, मग लॅबमध्ये डीएनए सापडो न सापडो. त्याच्या आधी पेंडीला ही सक्ती नव्हती.

हे "सापडो न सापडो" फार महत्त्वाचं आहे, आणि ते का ते सांगते, कारण टेस्ट कशी होते हे मी रोज बघते.

सगळ्यात सोपी टेस्ट पट्टीची. गाडीत पाच-सात ठिकाणी टोकदार पोकळ नळी खुपसून दाणे काढायचे, एकत्र करायचे, मिक्सरमध्ये दळायचे, मोजून पाणी घालून जोरात हलवायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा. वरचं गढूळ पाणी छोट्या नळीत घ्यायचं आणि पट्टी त्यात उभी सोडायची. ओल हळूहळू वर चढते, पाच मिनिटं लागतात. वरची रेघ उमटली म्हणजे पट्टी नीट चालतेय, तिच्या खाली दुसरी रेघ उमटली म्हणजे ते प्रोटीन मालात आहे. कधी कधी दुसरी रेघ इतकी फिकट असते की दोघं तिघं उजेडाकडे धरून बघतो. आता हिशोब बघा, ५० किलोच्या पोत्यात मक्याचे दीड लाखाच्या आसपास दाणे असतात. हजारात दोन दाणे मिसळलेले असतील आणि ते ९९ टक्के खात्रीने पकडायचे असतील तर २३०० च्या आसपास दाणे तपासायला लागतात. आणि ज्या वाणाची पट्टी तुमच्याकडे आहे तेवढंच ती सांगते, दुसऱ्या वाणाबद्दल गप्प. पेंड असेल तर अजून अवघड, ती चांगली भाजून निघालेली असते, प्रोटीनची घडी मोडलेली असते, पट्टीचा काही भरवसा राहत नाही, मग पीसीआर, म्हणजे डीएनए शोधणारी टेस्ट, लागते. रिफाइंड तेलात तर डीएनएच जवळजवळ उरत नाही. म्हणून मी म्हणते की नियम फक्त टेस्टवर उभा केला तर पोकळ राहतो, त्याला कागदाची साखळी लागतेच. टेस्ट त्या कागदावर लक्ष ठेवायला.

टक्केवारीबद्दल पण लोकांचा मोठा गैरसमज आहे. युरोपात ०.९ टक्क्यापर्यंत चुकून मिसळलं तर लेबल लागत नाही, जपानमध्ये ही हद्द ५ टक्के, अमेरिकेत २०२२ पासून जी लेबलची सक्ती आली त्यातही ५ टक्के. वाचणाऱ्याला वाटतं ०.९ च्या वर धोका आणि खाली सुरक्षित. तसं अजिबात नाही. ज्या वाणाला परवानगी आहे तो १०० टक्के असला तरी सुरक्षित ठरवलेला आहे, हा आकडा फक्त लेबल कधी लावायचं याचा आहे, धान्याच्या व्यवहारात किती मिसळ टाळता येते आणि लॅब किती नीट मोजू शकते यावरून ठरवलेला. ज्या वाणाला परवानगी नाही त्याची गोष्ट वेगळी, तिथे युरोपात शून्य. आणि शून्य पाळणं किती कठीण हे २००९ साली दिसलं, सोयाच्या जहाजांत परवानगी नसलेल्या मक्याची धूळ सापडली, धूळ म्हणजे अक्षरशः धूळ, आधीच्या मालाची, आणि अख्खा माल नाकारला. त्यातून २०११ मध्ये त्यांनी पशुखाद्यासाठी ०.१ टक्क्याची तांत्रिक सूट दिली, तीही ज्या वाणाचा अर्ज चालू आहे किंवा परवानगीची मुदत संपली आहे त्यालाच. अडचण मला समजते, खाद्यच आलं नाही तर जनावरं उपाशी राहतील. पण ही सूट फक्त पशुखाद्याला आहे, अन्नाला नाही, म्हणजे स्टारलिंकनंतर जी फट बुजवली तीच बारीकशी परत उघडली. मला ते पटलेलं नाही. द्यायची तर दोघांना द्या.

आता दूध, अंडी, मांस. युरोपात जीएम खाद्य खाणाऱ्या जनावराच्या दुधावर लेबल लागत नाही, अमेरिकेच्या कायद्यातही नुसत्या खाद्यामुळे मांसाला जीएम म्हणत नाहीत. बऱ्याच जणांना ही फसवणूक वाटते. मला वाटत नाही. जनावर खातं ते पचवतं, वनस्पतीच्या डीएनएचे बारीक तुकडे कधी कधी अंगात सापडतात, ते कुठल्याही चाऱ्याचे सापडतात, पण घातलेलं जनुक किंवा त्याचं प्रोटीन दुधात-अंड्यात उतरल्याचं अभ्यासांत सहसा दिसत नाही. दूध जीएम नाही हे खरंच आहे. ज्याला तरीही तशा जनावराचं दूध नकोय त्याच्यासाठी जर्मनीत २००८ पासून आणि फ्रान्समध्ये २०१२ पासून ऐच्छिक लेबल आहे, जीएम खाद्य न देता सांभाळलेल्या जनावरांचं, आणि तो मार्ग मला बरा वाटतो. फक्त एक लक्षात घ्या, ते ऐच्छिक लेबलसुद्धा पोत्यावर खरी माहिती असेल तरच लावता येतं. जनावर सांभाळणाऱ्यालाच माहीत नसेल तर तो पुढे काय लिहून देणार?

सुरक्षिततेबद्दल मला विचारलं तर मी सरळ सांगते, नीट तपासून परवानगी दिलेल्या वाणांबद्दल मला भीती वाटत नाही. २०१२ मध्ये फ्रान्सचे संशोधक सेरालिनी यांचा उंदरांचा अभ्यास आला, मोठ्या गाठींचे फोटो जगभर फिरले, मला पण लोकांनी पाठवले. त्यात उंदरांचे गट फार छोटे होते आणि उंदरांची जात अशी की म्हातारपणी त्यांना गाठी होतातच. पुढच्या वर्षी जर्नलने तो मागे घेतला, नंतर तो दुसरीकडे छापून आला. पण युरोपने नुसतं नाकारून सोडलं नाही, सरकारी पैशाने दोन वर्षांचे खाऊ घालण्याचे प्रयोग परत करून घेतले आणि त्यात जीएम मक्यामुळे अपाय दिसला नाही. हे मला फार योग्य वाटतं. लोकांना शंका आली तर त्यांना अडाणी म्हणायचं नाही, तपासून दाखवायचं. अमेरिकेत मात्र अजूनही नव्या जीएम वाणाबद्दल एफडीएशी, म्हणजे अन्न आणि औषधांच्या सरकारी संस्थेशी, बोलणं हे १९९२ च्या धोरणाप्रमाणे ऐच्छिक आहे, कंपन्या बोलतात, पण बोलायलाच पाहिजे असा कायदा नाही. ब्राझील नटच्या वेळी कंपनीने मनाने तपासलं, प्रत्येक कंपनी मनाने तपासेल यावर मी तरी विसंबणार नाही.

अजून एक गोंधळ म्हणजे जिवंत आणि मेलेलं. कार्टाजेना प्रोटोकॉल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, २००० साली झाला, २००३ मध्ये लागू झाला, तो "जिवंत" जीएम गोष्टींबद्दल आहे. अख्खा दाणा जिवंत, पेरला तर उगवतो, पीठ किंवा पेंड मेलेली. २००२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिणेत मोठी अन्नटंचाई होती आणि अमेरिकेतून मदतीचा मका आला त्यात जीएम मिसळलेला होता. झिम्बाब्वे, मलावी, मोझांबिक यांनी सांगितलं दळून द्या, घेतो, कारण दळलेला मका कोणी पेरू शकत नाही. झांबियाने तोही घेतला नाही. भुकेल्या माणसांसमोर धान्य नाकारण्याचा निर्णय मला आजही अस्वस्थ करतो. पण दळण्याची अट एकदम शहाणी होती, शेताचा प्रश्न त्याने सुटला. पोटाचा प्रश्न मात्र सुटत नाही, तो वेगळाच आहे, आणि सरकारं हे दोन प्रश्न एकमेकांत घालतात. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली तेव्हा पर्यावरण मंत्रालयाचं म्हणणं हेच होतं की तेल काढलेल्या पेंडीत जिवंत काही नाही. शेतापुरतं ते उत्तर बरोबर आहे. पण ज्याच्या गोठ्यात ती जाणार त्याला कळणार कसं, हे त्यात येतच नाही.

आणि नोंदी नसल्या की भुर्दंड कुणाला पडतो? २००६ मध्ये बायर कंपनीचा एलएल-६०१ नावाचा जीएम तांदूळ, त्याला तेव्हा परवानगीच नव्हती, तो अमेरिकेच्या नेहमीच्या लांब दाण्याच्या तांदळात सापडला. बाहेरचे बाजार बंद झाले आणि ज्या शेतकऱ्यांनी तो कधी पेरलाच नव्हता त्यांचे भाव पडले. २०११ मध्ये ७५ कोटी डॉलरवर तडजोड झाली, पाच वर्षांनी. पैसे मिळाले हे चांगलंच, पण पाच वर्षं शेतकऱ्याने कशी काढायची.

आता तर जीन एडिटिंग आलंय, झाडाच्या स्वतःच्याच जनुकातलं एखादं अक्षर बदलायचं, बाहेरचं काही घालायचं नाही. युरोपियन कोर्टाने जुलै २०१८ मध्ये सांगितलं की हे पण जीएमच्याच कायद्यात येतं, नंतर युरोपियन कमिशनने २०२३ मध्ये नियम सैल करायचा प्रस्ताव आणला, जपानने आधीच बरंचसं नुसत्या नोंदणीवर सोडलंय. नियम सैल करायला माझी हरकत नाही, इतका छोटा बदल निसर्गातही आपोआप होतो. पण मग टेस्टही चालणार नाही, कारण असा बदल निसर्गाने केला की माणसाने हे बहुतेक वेळा लॅबला ओळखताच येत नाही. तिथे माहितीचा एकच मार्ग उरतो, बियाणं विकणाऱ्याने लिहून द्यायचं आणि प्रत्येकाने पुढे लिहीत जायचं. नेमकी तीच नोंद आपण काढून टाकायला निघालोय, याची मला खरंच काळजी वाटते.

मला सरकारकडून फार काही नकोय. पोत्यावर प्रोटीन आणि ओलाव्याच्या खाली एक ओळ, पेंड कुठल्या पिकाची, जीएम आहे, नाही किंवा मिसळ आहे, आणि त्या ओळीच्या मागे पाच वर्षं टिकणारा कागद. "मिसळ आहे" लिहिलं तरी चालेल, ते पण उत्तर आहे.

त्या फोननंतर मी आमच्या माल घेण्याच्या फॉर्मवर तो रकाना पेनाने आखून घेतलाय. आतापर्यंत आलेल्या अकरा लॉटपैकी चार जणांनी तो भरून दिला, बाकीच्यांनी रेघ मारली. सोमवारी बारावा लॉट येतोय, सकाळीच त्यांना फोन करून सांगितलंय की रकाना भरल्याशिवाय गाडी काट्यावर घेणार नाही.